तिसऱ्या पानावरची खूण

उत्तरेश्वरची लाँड्री पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर आहे. मधे फक्त रस्ता. ठाण्याचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. वाशीकडून ईटकडं जाताना असली चार-दोन बाजाराची गावं लागतात, त्यातलंच एक धरा. मान वर केली की माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात.

दुकानात एक लोखंडी स्टूल आहे. गेली बारा वर्षं सकाळचा चहा मी त्यावर बसून पिते. ओल्या कापडाचा, खळीचा आणि कोळशाचा वास नाकात गेला की मला आमच्या नाटक कंपनीचा रंगपट आठवतो. तिथं हाच वास असायचा, वर थोडा पावडरचा. उत्तरेश्वर आमच्या कंपनीत प्रॉम्प्टर होता. चौदा वर्षं त्यानं विंगेत बसून मला वाक्यं पुरवली.

लोकांना वाटतं, बुकातलं वाचून दाखवायचं त्यात काय एवढं. एकदा परंड्याच्या जत्रेत दुसऱ्या अंकात मी अख्खं पान गाळून पुढं गेले होते. राजा बिचारा डोळे फाडून माझ्याकडं बघतोय, तबलजी हसतोय. विंगेतून फक्त एक शब्द आला, "अंगठी". माझ्या लक्षात आलं की अंगठी द्यायची राहिली. मी वळले, अंगठी काढली आणि गाळलेलं पान गाठलं. मागून मी त्याला विचारलं, ओरडून का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ओरडलं असतं तर ते तुमचं वाक्य राहिलं नसतं, माझं झालं असतं.

कपडेपटही तोच सांभाळायचा. पंचवीस माणसांचे झब्बे, शेले, साड्या एका पेटाऱ्यात. कुणाचं काय हे कळावं म्हणून त्यानं खुणा ठरवल्या होत्या. बिब्बा टोचून त्याच्या तेलानं कापडाच्या कोपऱ्यात खूण करायची, वर चुना लावायचा. कापड फाटेल, पण बिब्बा जात नाही. राजाला गोल, मला चंद्रकोर, आणि भालदार-चोपदारांना भाल्याचं टोक म्हणून एक त्रिकोण अन् खाली दोन टिंबं. कंपनी बंद पडली, पडदे विकले गेले, पण त्या खुणा त्यानं दुकानात आणल्या. गावातल्या डॉक्टरचे कोट गोलाचे झाले. आणि समोरच्या ठाण्याचे गणवेश, टॉवेल, चादरी ओघानंच भालदारांच्या झाल्या. मी त्याला म्हणाले होते, साहेबांना कळलं तर? तो म्हणाला, "बाई, ज्याचं कापड दुसरा धुतो, त्यानं आपल्या कापडाचा कोपरा कधी बघितलेला नसतो."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, हे तेव्हा मला कळलं नाही.

लाँड्रीबरोबर त्याच्या गळ्यात दुसरं एक काम पडलं, पंचाचं. पोलिसांनी काही जप्त केलं, कुठं झडती घेतली, कुणी काही काढून दिलं, तर ते दोन तटस्थ माणसांच्या डोळ्यांदेखत व्हावं आणि त्यांनी त्याखाली सही करावी, अशी रीत आहे. कायद्यालाही तेच हवं असतं. पण तटस्थ माणूस आणायचा कुठून? कोर्टाच्या चकरा कुणालाच नको असतात. मग हाकेच्या अंतरावरचा माणूस बरा. रस्त्यापलीकडून हाक यायची, "उत्तरेश्वर, सही." तो इस्त्री उभी करून जायचा. दुसरी सही शेजारच्या पानटपरीवाल्याची. कधी जीपमध्ये बसून जागेवर जायचं, तर कधी कागदच दुकानात यायचा, लिहून तयार. त्यालाही त्यात मान वाटायचा. "सरकारी कागदावर माझं नाव हाय, बाई," असं तो कौतुकानं सांगायचा. मी हसायचे. विंगेत बसणाऱ्या माणसाचं नाव कधी जाहिरातीत येत नाही, म्हणून म्हटलं मिरवू दे.

ही गोष्ट दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरातली. माळावरच्या एका पवनचक्कीची तांब्याची केबल चोरीला गेली. पहाटे ते पाहिलं तिथल्या रखवालदारानं, बजरंगनं. त्यानंच पवनचक्कीच्या कंपनीच्या माणसाला फोन केला, त्यानंच ठाण्यात येऊन सांगितलं. हा बजरंग पारधी समाजाचा. गावाबाहेर त्यांची वस्ती आहे, आमच्या भागात तिला पेढी म्हणतात. कुठंही चोरी झाली की पहिली जीप पेढीवर जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बजरंगवर याआधी दोन गुन्हे दाखल झाले होते, दोन्हींतून तो सुटला होता. पण सुटल्याचा कागद कुणी बघत नाही. आठ दिवस तपास झाला, हाती काही लागेना, वरून साहेबांची वार्षिक तपासणी तोंडावर आलेली. नवव्या दिवशी, सोमवारी दुपारी, बजरंगला उचललं. दुकानातून आम्ही दोघांनी ते पाहिलं. तो जीपमधून उतरला तेव्हा त्याच्या अंगावर कंपनीचं पिवळं जाकीट होतं.

माणसाला धरलं की चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं. मंगळवार गेला. त्या दिवशी उत्तरेश्वर वेगळ्याच घाईत होता. तपासणीसाठी ठाण्यानं नव्या कोऱ्या सोळा चादरी आणल्या होत्या, पांढऱ्या, निळ्या किनारीच्या. सकाळी त्या दुकानात आल्या. त्यानं एकेका चादरीच्या कोपऱ्यात त्रिकोण आणि दोन टिंबं उमटवली, धुऊन कडक खळ दिली आणि तिन्हीसांजेला गठ्ठा पोचवला. बुधवारी संध्याकाळी बजरंगची अटक कागदावर आली. सोमवार ते बुधवार तो कुठं होता, हे कागदाला माहीत नव्हतं. आम्हाला होतं. पण आम्हाला कोण विचारतो?

गुरुवारी सकाळी अकराला हाक आली. हाक मारणारे महालिंगप्पा जमादार. ते मूळचे उमरग्याकडचे, घरात कानडी बोलणारे, निवृत्तीला आलेले, अक्षर मोत्यासारखं. ठाण्यातला सगळा लिहिण्याचा कारभार त्यांच्याकडं. गळ्यात काळ्या दोरीला चष्मा लटकवलेला असायचा. लिहायला बसले की नाकावर, उठले की छातीवर.

पुढचं मी उत्तरेश्वरकडून ऐकलं, तेही फार उशिरा, कोर्ट झाल्यावर. आधी त्यानं ओठ शिवून घेतले होते.

ठाण्यात बजरंग भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. सोमवारपासून त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं. त्याचं निवेदन टेबलावर लिहून तयार होतं. चोरलेली केबल मी अकरा दिवसांपूर्वी चादरीत गुंडाळून पाझर तलावाजवळ पुरली आहे, चला, काढून देतो. फौजदारांनी ते वाचून दाखवलं, बजरंगला विचारलं, खरं का? त्यानं मान हलवली. ती मान होकाराची होती की भीतीची, हे सांगता येणार नाही, असं उत्तरेश्वर म्हणाला. नट पाठ केलेलं वाक्य विसरला की अशी मान हलवतो.

जीप पाझर तलावाला गेली. नवा कायदा आल्यापासून जप्तीचं चित्रण करावं लागतं. एका शिपायानं मोबाइल धरला. फौजदार म्हणाले, दाखव. बजरंग उतरला आणि सरळ डावीकडच्या बाभळीकडं चालू लागला. फौजदारांनी हात वर केला. मोबाइल बंद झाला. त्यांनी बजरंगला बाजूला घेऊन काही सांगितलं, सगळे पुन्हा जीपपाशी आले, मोबाइल पुन्हा चालू झाला. या वेळी बजरंग उजवीकडच्या बाभळीकडं गेला.

"तालीम झाली अन् मग प्रयोग," उत्तरेश्वर मला म्हणाला. "आख्खा जन्म त्यात गेला, बाई. मला कळणार न्हाय व्हय?"

उजवीकडच्या बाभळीखालची माती भुसभुशीत होती. चार खोरी मारल्यावर गाठोडं वर आलं. शिपायानं गाठ सोडली, आत तांब्याच्या तारेची वेटोळी. सगळ्यांच्या नजरा तांब्यावर. उत्तरेश्वरची नजर कापडावर गेली, कारण ती दुसरीकडं जातच नाही. चादर पांढरी, निळी किनार. मातीनं मळलेली, पण दुमडीच्या जागी अजून कडक होती. पाझर तलावाच्या ओलीत अकरा दिवस पुरलेल्या कापडाची खळ मोडली नव्हती. वाऱ्यानं कोपरा उलटला. तिथं त्रिकोण आणि खाली दोन टिंबं.

तांबं कुठून आणलं, कुणी आणलं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण जीपमधून न्यायला ते कशात तरी गुंडाळावं लागलं असणार. हाताला जे लागलं ते कुणीतरी उचललं. आपल्या कापडाचा कोपरा त्यानं कधी बघितलेला नव्हता.

दुसऱ्या कुणी तिथंच आरडाओरडा केला असता. मी तर केलाच असता, दोन्ही हात वर करून. उत्तरेश्वर गप्प राहिला. त्याचा हिशेब साधा होता. बोललो तर चादर नाहीशी होईल, मोबाइल तिसऱ्यांदा सुरू होईल आणि बजरंग पुन्हा त्याच मागच्या खोलीत जाईल. फौजदार जीपआड जाऊन पवनचक्कीवाल्यांच्या माणसाशी फोनवर बोलत होते. महालिंगप्पा जमादार बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहीत होते. तिसरं पान चालू होतं. तारेचं वजन, लांबी, रंग, आणि मग "एका जुन्या चादरीत गुंडाळलेली" एवढंच. जमादारांनी पुढं टिंब दिलं.

उत्तरेश्वर त्यांच्या कानाशी गेला. "जमादार, एक वाक्य राहिलं."

"कोणतं?"

"चादरीचं वर्णन. मुद्देमाल हाय तो पण. रंग पांढरा, किनार निळी, कडक खळीची, एका कोपऱ्यात काळी खूण. वर त्रिकोन, खाली दोन टिंबं."

जमादारांनी त्याच्याकडं पाहिलं, मग चादरीकडं, मग जीपकडं. आणि लिहिलं. "जुन्या" शब्दावर काट मारून तिथं आपली छोटी सही केली, वर्णन शब्दाला शब्द उतरवलं, इतकंच नाही तर समासात त्रिकोण आणि दोन टिंबं काढूनही दाखवली. फौजदारांनी फोन संपवून घाईनं सही केली. पंचांनी केली. चादर बांधली, लाखेचं सील बसलं, चिठ्ठीवर पुन्हा पंचांच्या सह्या.

तो दुकानात परतला तेव्हा मी स्टुलावरच होते. काय निघालं, मी विचारलं. "तांबं," तो म्हणाला आणि इस्त्रीत कोळसे घालू लागला.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. बजरंगचा जामीन दोनदा नाकारला गेला. कारण एकच, माल त्यानंच काढून दिलाय आणि पंचांच्या सह्या आहेत. त्याची आई लक्ष्मीबाई दर बाजारच्या दिवशी पेढीवरून चालत यायची आणि लाँड्रीसमोर, रस्त्याच्या कडेला बसायची. शिव्याशाप काही नाही. नुसती बसायची आणि दुकानाकडं बघायची. एकदाच बोलली. "ठाण्यातल्यांचं समजतंय. त्यास्नी पगार हाय त्याचा. तुम्हाला काय भेटलं हो, दादा?"

उत्तरेश्वरच्या हाताखाली एका शिपायाची पँट होती. ती त्यानं उगाच दोनदा फिरवली.

खरं सांगते, तेव्हा मलाही त्याचा संशय आला. आम्ही दोघांनी बजरंगला सोमवारी जीपमधून उतरताना पाहिलं होतं. तरी हा माणूस गुरुवारच्या कागदावर सही करून येतो आणि तोंड मिटून बसतो. त्यात जानेवारीत दुकानात नवी वाफेची इस्त्री आली. कुठून आली म्हटलं, तर म्हणाला, पुण्याहून लेकीनं पाठवली. लेक पुण्यात आहे हे मला माहीत होतं. तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. चहा कडू लागायला लागला. आठ-दहा दिवस मी स्टुलाकडं फिरकलेच नाही. मग एक दिवस जाऊन सरळ विचारलं, तू विकला गेलास का?

त्यानं खळीच्या घमेल्यातला हात झटकला. मग म्हणाला, "बाई, प्रयोग चालू असताना प्रॉम्प्टरनं पडद्याबाहेर यायचं नसतं."

मला राग आला. असली वाक्यं त्यानं माझ्यासारख्यांचीच ऐकून उचललेली, हे मला माहीत होतं. मी चहा न पिताच उठले.

बजरंगच्या बाजूनं सरकारनं दिलेली वकील होती, वैष्णवी, धाराशिवची, तिशीतली मुलगी. ती एकदा दुकानात आली. हातात यादी. गेल्या काही वर्षांतले नऊ खटले, नऊच्या नऊ ठिकाणी पंच म्हणून उत्तरेश्वरचं नाव. तिनं ती यादी इस्त्रीच्या पाटावर ठेवली आणि विचारलं, काका, तुम्ही लाँड्री कधी चालवता? माझ्यासमोर विचारलं. त्याचे कान लाल झाले.

त्यानं तिला बसायला सांगितलं नाही. मी सरकारचा साक्षीदार आहे, माझ्याशी बोलू नका, उद्या म्हणतील यांनी पढवलं, एवढं बोलून त्यानं यादी तिच्याकडं सरकवली. ती पायरी उतरली तेव्हा मात्र मागून आवाज दिला. मोठ्यानं नव्हे, विंगेतून द्यायचा तसा.

"पोरी, कागद नीट वाच. तिसरं पान."

तिनं वळून बघितलं. तिच्याही डोळ्यांत संशयच होता. हा मला कुठल्या खड्ड्यात घालतोय, असा.

खटला उभा राहायला पुढचा ऑक्टोबर उजाडला. अकरा महिने बजरंग आतच. तारखेच्या आदल्या दिवशी ठाण्यातला एक शिपाई पंचनाम्याची प्रत घेऊन आला आणि नेहमीसारखं वाचून ठेवा म्हणाला. उत्तरेश्वरनं ती घरी नेली. कंपनीत नवं नाटक हाती आलं की तो असाच बुक घरी न्यायचा.

तालुक्याच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. शेजारी लक्ष्मीबाई. उत्तरेश्वरनं पांढरा शर्ट घातला होता, स्वतः इस्त्री केलेला. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो मला फारच लहान दिसला. इतक्या वर्षांत मी त्याला उजेडात उभं राहिलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

सरकारी वकिलांनी विचारलं तसं तो सांगत गेला. निवेदन, जीप, बाभूळ, गाठोडं. कागदात होतं तेवढं, कागदात होतं तसं. खूणसुद्धा सांगितली. सरकारी वकील खुशीत खाली बसले. लक्ष्मीबाईनं पदर तोंडावर घेतला.

मग वैष्णवी उठली. तिनं आधी त्यालाच सोलायला घेतलं. आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?

"दीडशेच्या वर असतील."

त्यातल्या किती ठिकाणी तुम्ही प्रत्यक्ष गेला होता?

इथं तो थांबला. सरकारी वकील हरकत घ्यायला अर्धे उठले. फौजदार दाराशी उभे होते. मला वाटलं, अडकला. माझ्या ओठांवर शब्द आला, पण त्याला द्यायला माझ्याकडं बुक नव्हतं.

"निम्म्याहून कमी," तो म्हणाला. "बाकीच्या दुकानात बसून केल्या. चूक केली."

कोर्टात कुजबूज झाली. न्यायाधीशांनी लेखणी उचलली आणि वाक्य लिहून घेतलं. वैष्णवीलाही हे अपेक्षित नसावं, तिनं दोन वेळा कागद चाळला. मग विचारलं, आणि या ठिकाणी? "या ठिकाणी गेलतो," तो म्हणाला. तिनं तिसरं पान काढलं, सील फोडून मुद्देमाल दाखवावा अशी विनंती केली. लाख फोडली, चादर पसरली. अकरा महिन्यांनीही त्रिकोण आणि टिंबं काळी कुळकुळीत.

"ही खूण कशाची आहे?"

"माझ्या दुकानाची. ठाण्याच्या कापडाला मी हीच करतो, दुसऱ्या कुणाच्या कापडाला न्हाय. या सोळा चादरी नव्या होत्या. मंगळवारी सकाळी माझ्याकडं आल्या, त्याच दिवशी मी खूण केली, खळ दिली, संध्याकाळी ठाण्यात पोच केल्या. गुरुवारी त्यातली एक मातीतून निघाली."

अकरा दिवसांपूर्वी पुरलेल्या गाठोड्याला दोन दिवसांपूर्वीची चादर. हे समजायला कायदा शिकावा लागत नाही. लक्ष्मीबाईनं मला विचारलं, काय म्हणला त्यो? मी सांगितलं. तिनं पदर खाली घेतला आणि उत्तरेश्वरकडं बघत राहिली. चेहरा मात्र सैल झाला नव्हता. इतक्या वर्षांची सवय एका वाक्यानं जात नाही.

सरकारी वकील उठले. साक्षीदार फितूर झाला आहे, त्याला फितूर ठरवून उलटतपासणीची परवानगी द्यावी. न्यायाधीशांनी पंचनामा हातात घेतला, तिसरं पान वाचलं, समासातलं चित्र बघितलं.

"कागदात आहे त्याहून वेगळं यांनी काय सांगितलं?"

वकिलांनी ते पान स्वतः वाचून बघितलं. शेवटी त्यांनी उत्तरेश्वरलाच विचारलं, हे सगळं माहीत होतं, तर त्याच दिवशी का नाही सांगितलं?

"सांगितलं की, साहेब. लिहून घ्यायला लावलं. तुमच्या लोकांनीच लिहिलंय."

यानंतर वैष्णवीनं चादरींच्या खरेदीचा कागद मागवला. ठाण्याकडून तो यायला तीन तारखा लागल्या, पण आला. तारीख त्याच आठवड्यातली. चित्रणही आलं, आणि त्यात बजरंग पहिल्यापासूनच उजव्या बाभळीकडं जात होता. चादरीचा कोपरा मात्र कुणालाही पुसता आला नव्हता. दिवाळी होऊन गेल्यावर बजरंग सुटला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. त्याच्या सांगण्यावरून वस्तू सापडली एवढाच काय तो धागा होता, आणि तो विश्वास ठेवण्याजोगा नाही, असं निकालात लिहिलं होतं. वैष्णवीनं ते आम्हाला सोप्या शब्दांत समजावलं. पिवळं जाकीट आणि नोकरी काही बजरंगला परत मिळाली नाही. खरा चोर कोण, तेही कळलं नाही.

उत्तरेश्वरकडचे ठाण्याचे कपडे साक्षीच्या दुसऱ्याच दिवसापासून बंद झाले. आता गणवेश बसस्टँडजवळच्या दुकानात जातात. रस्त्यापलीकडून हाक येत नाही. सकाळी ठाण्यातून निघणारा शिपाई दुकानाकडं पाठ करून गाडीला किक मारतो. गावातले लोक जपून बोलतात. पोलिसांशी वाकडं घेतलेला माणूस, म्हणून काहींना त्याची भीती. इतकी वर्षं पोलिसांचा होता म्हणून काहींना अजून संशय. एक गिऱ्हाईक तर कपडे देताना खिसे तपासून देतं. त्यात काही ठेवलं जाईल म्हणून की काही सापडेल म्हणून, कोण जाणे.

पण एक कोडं मला सुटत नव्हतं. महालिंगप्पा जमादार. चादरींचा तो गठ्ठा मंगळवारी सकाळी दुकानात घेऊन आले होते तेच. संध्याकाळी मोजून घेतल्या त्याही त्यांनीच. सगळं ठाणं कोपरे बघत नसेल, पण ज्यानं सोळा कोपरे एकावर एक ठेवून मोजले, त्यानं खूण पाहिली नसेल?

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या दिवशी सकाळी, साध्या शर्टात, काखेत गणवेश घेऊन रस्ता ओलांडून दुकानात आले. इतक्या महिन्यांनी ठाण्यातलं पहिलं माणूस पायरी चढलं. शेवटचा दिवस आहे, जरा कडक कर, म्हणाले. मी स्टुलावरून उठू लागले, तर त्यांनी बसा बसा केलं.

उत्तरेश्वरनं इस्त्री फिरवली. बाह्यांची घडी, खिशांची पट्टी, सगळं सावकाश. मग खाली बघतच विचारलं.

"जमादार, त्या दिवशी खूण वळखली होती का तुम्ही?"

जमादार ठाण्याकडं बघत होते. "मी कशाला वळखतो? तुम्ही सांगितलं, म्या लिहिलं. पंच सांगतो ते लिहावं लागतंय. आणि त्या दिवशी चष्माच न्हवता माझ्यापाशी."

"चष्म्याबिगर तीन पानं लिहिली?"

"व्हय की. सवय हाय हाताला."

गणवेश काखेत घेऊन ते निघाले. पायरी उतरताना नीट दिसावं म्हणून त्यांनी चष्मा नाकावर चढवला. तो गळ्यातच होता, काळ्या दोरीला, जसा बारा वर्षं होता.

आयुष्यभर मी संशय घेतला तो वाईटाचाच. माणसानं चांगलं केलं असावं असा संशय मला पहिल्यांदाच आला, आणि तो कसा निस्तरायचा हे मला कळेना. पुरावा तर नाहीच. समासात काढलेला एक त्रिकोण आणि दोन टिंबं, तेवढंच.

उत्तरेश्वर मात्र त्यात फार रमला नाही. त्याला दुसरंच खातंय. हल्ली दर रविवारी वैष्णवी येते, पाटावर वही उघडते, आणि तो आठवत बसतो. दुकानात बसून केलेल्या सह्या कोणत्या, कुणाच्या घराच्या, कुणाच्या पोराच्या. जे निकाल लागले ते लागले, म्हणते ती, पण जे अजून चालू आहेत त्यांत काही करता येईल. परवा एका नावावर तो अडला. गाव आठवतंय, वस्तू आठवतेय, कोयता होता, पण माणूस आठवेना. डोळे मिटून बसला. लक्ष्मीबाई दारात होती. आता ती आत येऊन बसते, उंबऱ्याच्या आत, चहा घेते, फार बोलत नाही.

ती म्हणाली, "ईटकडच्या पेढीवरचा. माझ्या भावाचा साडू."

उत्तरेश्वरनं डोळे उघडले. वैष्णवीनं नाव विचारलं, आणि लक्ष्मीबाईनं ते सांगितलं.